रचलेलं जग कुणाच्या नावावर?

गेमसाठी फ्रीलान्स लिहिणाऱ्यांच्या करारात एक कलम हमखास असतं: या कामातली पात्रं, ठिकाणं, नावं, इतिहास, सगळ्याचे हक्क कंपनीकडे. मानधन बहुतेकदा शब्दागणिक ठरतं, त्यामुळे लिहिणाऱ्याचं लक्ष त्या आकड्याकडेच असतं. माझ्या मते आकड्यापेक्षा या कलमाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. ते समजून घ्यायचं तर पन्नास वर्षं मागे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात जावं लागतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये तिथून बाहेर पडला. टेबलाभोवती बसून खेळायचा: एक जण खेळ चालवतो, गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. एक खोकं, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. त्यात नियम होते. सविस्तर जग नव्हतं. ते ज्याचं त्याने रचावं, खेळणाऱ्यांच्या वतीने कल्पना लढवणं हे आपलं काम नाही, असाच त्या पुस्तिकांचा सूर होता. त्यामुळे टीएसआर या गायगॅक्स यांच्या कंपनीला तयार शहरं आणि तयार नकाशे विकण्यात सुरुवातीला रस नव्हता. ही मोकळी जागा १९७६ मध्ये इलिनॉय राज्यातल्या बॉब ब्लेडसॉ यांच्या ‘जजेस गिल्ड’ने हेरली. त्यांनी एक अख्खं शहर विकायला काढलं: गल्ल्या, दुकानं, दुकानदार, त्यांच्या कानावर आलेल्या अफवा. ते खपलं. खेळणाऱ्यांकडे कल्पनाशक्तीची वानवा होती असं नाही, पण शनिवारी संध्याकाळी मित्र जमणार असतील तर अख्खं शहर कोण कधी रचणार? जग रचून विकता येतं, आणि ते रचायला पगारी माणूसच लागतो असं नाही, हे तेव्हा उघड झालं.

त्याच वर्षी टीएसआरने ‘द ड्रॅगन’ हे मासिक सुरू केलं आणि बाहेरच्या लेखकांना दार उघडलं. कॅनडातले ग्रंथालय कर्मचारी एड ग्रीनवूड त्याच दारातून आत आले. ‘फरगॉटन रेल्म्स’ हे त्यांचं जग खेळाच्याही आधीचं. आठ-नऊ वर्षांचे असल्यापासून ते त्या जगातल्या गोष्टी लिहीत होते. १९७९ पासून त्यांचे लेख मासिकात येऊ लागले. एल्मिन्स्टर नावाचा एक म्हातारा जादूगार आपल्याला गोष्टी सांगतो आणि आपण त्या टिपून घेतो, असा त्यांचा बाज. जादूच्या पोथीची माहिती देताना ती पोथी कुणाकडून कुणाकडे गेली, कुठल्या लढाईत हरवली, हेही ते ओघात सांगून जात. लेख एका वस्तूवर असे, पण वाचणाऱ्याच्या हाती त्या मुलुखाचा इतिहास लागे.

या जगातलं एक नाणं बघा. वॉटरडीप हे मोठं बंदर आहे. तिथे पितळेचं, मधोमध भोक असलेलं एक चौकोनी नाणं चालतं. शहरात त्याची किंमत सोन्याच्या दोन मोहरांइतकी. वेशीबाहेर कुणी हातात धरत नाही. एवढ्या एका तपशिलातून कळतं की या शहराची पत मोठी आहे, बाहेरच्या व्यापाऱ्याला जाण्यापूर्वी नाणी बदलून घ्यावीच लागतात, आणि हे नाणं गावाबाहेर सापडलं तर ते बाळगणारा कुठून आला हे आपोआप ठरतं. खेळ चालवणाऱ्याला गोष्ट सुरू करायला आणखी काय हवं? राजघराण्यांच्या वंशावळी पानोपान लिहिणारे पुष्कळ असतात. जग उभं राहतं ते असल्या नाण्यावर.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर टीएसआरला अनेक लेखकांना एकत्र वापरता येईल असं मोठं जग हवं होतं. ग्रीनवूड यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या टिपणांचे आणि नकाशांचे खोके कॅनडाहून पाठवले, नाममात्र रकमेला हक्क विकले, आणि १९८७ मध्ये ‘फरगॉटन रेल्म्स’चा पहिला संच बाजारात आला. मूळ नकाशाला कंपनीने दुसऱ्या लेखकांचे मुलूखही जोडले. डग्लस नाइल्स यांची मूनशे बेटं त्यातलीच. पुढे याच जगात ‘बाल्डर्स गेट’ हे व्हिडिओ गेम घडले, आणि त्यातला तिसरा २०२३ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. ग्रीनवूड यांनी मात्र ग्रंथालयातली नोकरी सोडली नव्हती.

त्याच काळात ग्रेग स्टॅफर्ड या दुसऱ्या खेळ रचणाऱ्याने वेगळी वाट धरली. १९६६ पासून रचलेल्या ‘ग्लोरांथा’ या जगासाठी त्यांनी स्वतःचीच केऑसियम ही कंपनी काढली आणि १९७५ मध्ये पहिला खेळ छापला. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने त्या जगाला नियम दिले. १९८० च्या दशकात ‘रूनक्वेस्ट’ हे नाव ॲव्हलॉन हिल या मोठ्या कंपनीकडे गेलं, पण ग्लोरांथा स्टॅफर्ड यांनी हातचं सोडलं नाही. नियम एकाचे, जग दुसऱ्याचं, अशी वाटणी करता येते याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा माहीत नाही. त्यात पैसा कमी मिळाला असेल. जग मात्र त्यांच्याकडे राहिलं.

इथे कायदा मध्ये येतो. १९७८ पासून लागू झालेल्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार काही ठरावीक प्रकारच्या कामांत, लेखी करार असेल तर, काम करवून घेणाऱ्या कंपनीलाच ‘लेखक’ मानलं जातं. हक्क नुसते विकले तर लेखकाला ३५ वर्षांनी ते परत मागता येतात. कंपनीच ‘लेखक’ असेल तर ती वाटही बंद. कंपन्यांना हे कलम इतकं प्रिय का, याचं उत्तर यात आहे. खुद्द आर्नेसन यांनाही रॉयल्टीसाठी १९७९ मध्ये टीएसआरवर दावा लावावा लागला. १९८१ मध्ये तडजोड झाली.

१९९७ मध्ये टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली. या नव्या मालकाने २००२ मध्ये नव्या जगासाठी जाहीर स्पर्धा ठेवली. एका पानाच्या सुमारे ११,००० प्रवेशिका आल्या. कीथ बेकर यांचं ‘एबेरॉन’ निवडलं गेलं आणि २००४ मध्ये प्रकाशित झालं. पण जग कंपनीचं झाल्यामुळे मधली कित्येक वर्षं बेकर यांना स्वतःच रचलेल्या एबेरॉनवर पुस्तक काढून विकता येत नव्हतं. ती मुभा २०१८ मध्ये मिळाली. मिळाली तीही २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘डन्जन मास्टर्स गिल्ड’ या ऑनलाइन दुकानात. तिथे कंपनीची जगं वापरून कुणीही लिहावं, विक्रीतले ५० टक्के घ्यावेत, आणि ते लेखन दुसरीकडे विकू नये, असा नियम आहे. ग्रीनवूड यांचीही पुस्तकं तिथे आहेत.

नियमांचं काय झालं हेही बघण्यासारखं आहे. २००० मध्ये कंपनीने ‘ओपन गेम लायसन्स’ आणून नियमांचा मोठा भाग सर्वांना वापरायला दिला. त्यावर कितीतरी छोट्या प्रकाशनसंस्था आणि फ्रीलान्स लेखक उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये हा परवाना बदलण्याचा मसुदा फुटला तेव्हा या सगळ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. विरोध इतका झाला की त्याच महिन्यात कंपनीने तेव्हाच्या आवृत्तीच्या नियमांचा मुख्य भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली कायमचा खुला केला. खुले झाले ते नियम. फरगॉटन रेल्म्स आणि एबेरॉन कंपनीकडेच आहेत.

आपल्या बाजूची माणसं आता या कामात दिसू लागली आहेत. कोलकात्याच्या मिमी मोंडल यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या साहसांच्या संग्रहात बंगालच्या मातीवरून ‘शंखभूमी’ रचली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा व्हिडिओ गेम २०२० मध्ये आला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे करण्याचा त्यांचा आधीचा प्रयत्न फसला होता.

भारतातल्या लेखकाच्या बाजूने आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा बराच उभा आहे. नोकरीत नसलेल्या लेखकाने पैसे घेऊन लिहून दिलं तरी त्या लेखनाचा पहिला मालक तोच असतो. हक्क लेखी कराराशिवाय जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क विकले तरी आपलं लेखकत्व सांगण्याचा अधिकार शाबूत राहतो. म्हणून सही करण्याआधी करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द शोधावेत, आणि आपलं आधीपासूनचं जग, त्यातली नावं आणि नकाशे यांची यादी परिशिष्ट म्हणून जोडून ते या करारात येत नाही असं लिहून घ्यावं. परदेशी प्रकाशकाच्या करारात शेवटच्या पानावर कोणत्या देशाचा कायदा लागू होईल हेही दिलेलं असतं. तिथे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं नाव असेल, तर वर सांगितलेल्या मुदतीचा आणि प्रदेशाचा आधार गृहीत धरू नये.