मुलाचा ताबा: डीव्हीच्या अर्जातला आणि कौटुंबिक न्यायालयातला

मारहाण सोसून रायपूरहून लेकरासह नागपूरला माहेरी आलेल्या स्त्रीला लवकरच कोणीतरी सांगते, ‘डीव्हीची केस टाक, मुलाचा ताबा मिळून जाईल.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. डीव्ही, म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली न्यायदंडाधिकारी देतात तो ताबा तात्पुरता असतो. मूल पुढे कोणाकडे वाढेल, हे कौटुंबिक न्यायालय पालक व पाल्य अधिनियम, १८९० किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ठरवते.

डीव्हीच्या अर्जाला स्त्रीचे तात्पुरते वास्तव्यही पुरते, त्यामुळे माहेरी येताच नागपुरात अर्ज करता येतो. १८९० च्या कायद्यात मात्र मूल सामान्यतः कोठे राहते हे पाहतात, आणि सासर परगावचे असले की पतीचा वकील पहिला आक्षेप येथेच घेतो. म्हणून मुलाला येथील शाळेत घातल्याची पावती, लसीकरणाचे कार्ड असे कागद सुरुवातीपासून जपावेत. मूल पाच वर्षांखालील असेल, तर १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सर्वसाधारणपणे आईला झुकते माप देतो.

भेटींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भेटीने मुलाचे अहित होईल असे न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत झाल्यास कलम २१ नुसार त्यांना ती नाकारावीच लागते. कौटुंबिक न्यायालयही मुलाचे हितच पाहते, पण ‘भांडण नवरा-बायकोचे, मुलाला कधी हात लावला नाही’ हा युक्तिवाद तेथे हमखास होतो. दाराआडून सगळे ऐकणारे मूल त्या हिंसेपासून अलिप्त राहिले, हे मला तरी पटत नाही. त्यामुळे मागणी नेमकी लिहावी: भेट न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकाच्या देखरेखीखाली व्हावी आणि ने-आण मामाने किंवा आजोबांनी करावी. एरवी ‘मुलाला सोडायला आलो’ म्हणत तोच माणूस दारात उभा राहतो.

संपर्कबंदी कलम १८ च्या संरक्षण आदेशातच मागावी, कारण कलम ३१ ची शिक्षा, म्हणजे एक वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, संरक्षण आदेश मोडल्याबद्दल आहे. त्या आदेशाची प्रमाणित प्रत कौटुंबिक न्यायालयातही दाखल करावी. वकिलाची फी परवडत नसल्यास सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. स्त्रियांसाठी उत्पन्नाची अट नाही.