सहा मिलिग्रॅम आणि दहा आकडी नंबर

डेक्सामेथासोन हे काही नवं औषध नव्हे. दमा, संधिवात, ॲलर्जी अशा दुखण्यांवर ते कित्येक दशकं दिलं जातंय, आणि गावातल्या मेडिकलमध्येही अगदी स्वस्तात मिळतं. तरीही २०२०च्या उन्हाळ्यात कोविडच्या पेशंटला ते द्यावं की नाही यावर जगभरच्या डॉक्टरांचे दोन तट पडले होते. हे स्टेरॉइड सूज उतरवतं, हे खरं. पण ते प्रतिकारशक्तीही दाबतं. विषाणूशी झुंजणाऱ्या शरीराचेच हात बांधायचे का? अनुभवी मंडळी दोन्ही बाजूंना होती, आणि ‘माझ्या पेशंटला गुण आला’ यापलीकडे फारसा पुरावा कोणाकडेच नव्हता.

उत्तर ब्रिटनमधून आलं, तेही तीन महिन्यांच्या आत. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी उभी केली. १९ मार्च २०२० रोजी पहिला रुग्ण दाखल झाला, १६ जूनला डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर. दरम्यान पावणेदोनशेच्या आसपास रुग्णालयांतून ११ हजारांहून जास्त रुग्ण चाचणीत आले होते. एरवी एवढ्या कामाला वर्षं लागतात.

हे जमलं ते कमी विचारण्यामुळे. वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही, डॉक्टर पीपीई किटमध्ये घामाने निथळतोय. त्याच्याकडून पन्नास पानी फॉर्म कोण भरून घेणार? म्हणून रुग्णाची संमती घ्यायची, वेबसाइटवर मोजकी माहिती भरायची आणि संगणकाने तिथल्या तिथे चिठ्ठी काढायची: याला डेक्सामेथासोन, त्याला नेहमीचेच उपचार. पुढे रुग्ण घरी गेला, दगावला किंवा २८ दिवस झाले की आणखी एक छोटा फॉर्म. बाकीचं सगळं सरकारी नोंदींतून आपोआप यायचं, कारण तिथल्या प्रत्येक नागरिकाला सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा, दहा आकडी नंबर असतो. रुग्ण दुसऱ्या गावच्या रुग्णालयात हलवला किंवा घरी गेल्यावर वारला, तरी नोंद त्याच नंबराखाली पडते. त्याचा माग काढायला कोणाला फोन फिरवावे लागत नाहीत.

नोंदी एवढ्या होत्याच, तर चिठ्ठीची भानगड कशाला? स्टेरॉइड मिळालेले आणि न मिळालेले रुग्ण नुसते वेगळे काढून मोजले तर? फसगत होते. डॉक्टर जोरकस औषध सहसा सर्वांत अत्यवस्थ रुग्णाला देतो. अशांत मृत्यू जास्त होणारच, आणि खापर फुटतं औषधावर. नोंदी हजाराच्या दहा लाख केल्या तरी हा दोष जात नाही, उलट चूक अधिक ठामपणे सांगितली जाते. चिठ्ठी मात्र कोणाची प्रकृती पाहत नाही.

आणि नोंदीच संशयास्पद असतील तर? २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण, आणि निष्कर्ष असा की हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाने कोविडच्या रुग्णांत मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग तडकाफडकी थांबवला. मग लोक विचारू लागले, ही रुग्णालयं कुठली? माहिती पुरवणाऱ्या कंपनीने मूळ नोंदी तपासनिसांना दिल्याच नाहीत, आणि ४ जूनला तिघा लेखकांनी निबंध मागे घेतला. दुसऱ्याच दिवशी ‘रिकव्हरी’ने आपला निकाल सांगितला: हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा फायदा नाही. पाच हजारांहून कमी रुग्ण होते त्यात, पण प्रत्येकाचा ठावठिकाणा माहीत होता.

डेक्सामेथासोनचा निकाल नीट वाचण्यासारखा आहे. मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या १०० रुग्णांपैकी एरवी ४१ दगावत होते, औषधाने ते २९वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६चे २३ झाले. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काही लाभ नाही. त्यांच्यातले आकडे तर १४वरून जवळपास १८कडे गेलेले दिसतात. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, पण फायद्याचा मागमूस त्यात नाही.

ही तिसरी ओळ आपण वाचलीच नाही, असं मला वाटतं. २०२१च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे ताप आल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, घरच्या घरी, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या औषधांच्या यादीवरून स्टेरॉइड सुरू झाली. साखर आधीच हाताबाहेर असलेल्या मधुमेहींत ती आणखी चढली, आणि म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराने, कित्येकांचे डोळे नेले. प्लाझ्माची, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला द्रव आजाऱ्याला देण्याची, गोष्टही तशीच. भारतातल्याच ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चाचणीत त्याचा उपयोग दिसला नव्हता, आणि हे २०२०मध्येच छापून आलं होतं. तरी सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडला. तोवर नातेवाईक रात्र-रात्र दाता शोधत फिरत होते.

ब्रिटनमध्येही सगळं आलबेल नाही. २०२१मध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करण्याचा बेत सरकारने आखला. लोकांना आधी नीट विचारलं नाही, म्हणून दहा लाखांहून अधिक जणांनी ‘माझी माहिती वापरू नका’ असं कळवलं, आणि बेत लांबणीवर टाकावा लागला. ‘रिकव्हरी’ चाचणीला याच देशातल्या लोकांनी खुशीने नावं दिली होती. तिथे आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून कोणीतरी विचारलं होतं.

आपल्याकडे आता आरोग्याच्या नोंदींसाठी १४ आकडी ‘आभा’ नंबर आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन केला की नाव-गाव आपोआप भरलं जातं आणि केसपेपर लवकर हातात पडतो. रांगेतला वेळ वाचतो, हे काही थोडं नाही. मग आत डॉक्टर विचारतात, ‘जुने रिपोर्ट आणलेत?’ आणि पेशंटच्या मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी सोडली जाते.