एक रीळ म्हणजे किती वेळ?

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) किती वेळाचा होता? कुणी चाळीस मिनिटं म्हणतं, कुणी तासभर. लांबी विचारली की मात्र उत्तर ठाम येतं: सुमारे ३७०० फूट, चार रिळं.

३५ मिलिमीटर फिल्मची पट्टी उजेडात धरली की कोडं सुटतं. दोन्ही कडांना चौकोनी भोकांची रांग आणि दर चार भोकांमागे एक चित्र. हे चित्र उंचीला १९ मिलिमीटर जागा घेतं, म्हणून फूटभर पट्टीत १६ चित्रं मावतात. बोलपट आला तेव्हा आवाज बिघडू नये म्हणून वेग सेकंदाला २४ चित्रांवर पक्का झाला. म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. मूकपटाच्या काळात कॅमेरा हँडल मारून चालवत. वेग १६ चित्रांच्या आसपास, पण हाताप्रमाणे कमीजास्त. त्या वेगाने ३७०० फूट तासभर पुरतात. तेच २४ च्या वेगाने पळवले की ४१ मिनिटांत उरकतात आणि पडद्यावरची माणसं तुरुतुरु धावू लागतात. आपण त्यांना हसतो, पण बिचारी नीटच चालत होती!

म्हणून या धंद्यात वेळ फुटांत बोलायची रीत पडली. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर पुढे मीटर आले, तरी रिळांची संख्या टिकली. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सतरा रिळं, जवळजवळ पाच किलोमीटर फिल्म.

'रीळ' या एका शब्दात मात्र दोन गोष्टी मिसळल्या आहेत. फिल्म गुंडाळायची चकती तीही रीळ, आणि तिच्यावरची हजार फूट फिल्म तीही रीळच. लॅबमधून फिल्म बहुतेकदा चकतीशिवाय, मधल्या छोट्या कोअरवर गुंडाळून, गोल चपट्या डब्यात यायची. पडलेला पिक्चर 'डब्यात गेला' म्हणतात, तो हाच डबा. कॅमेऱ्यावरच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे फिल्म भरायच्या बंद पेटीत, ४०० किंवा १००० फूट भरतात. ४०० फुटांत साडेचार मिनिटंही निघत नाहीत, म्हणजे एक शॉट किती लांबवायचा याची हद्द आधीच ठरलेली.

मला सगळ्यात कौतुक वाटतं ते रीळ बदलण्याचं. थिएटरात शेजारी शेजारी दोन प्रोजेक्टर असायचे. रीळ संपायला सातआठ सेकंद उरली की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चार चित्रांपुरता ठिपका चमकायचा: दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करा. शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका: आता बदला. प्रेक्षक नायिकेच्या डोळ्यांत गुंतलेले असताना ऑपरेटर मात्र त्या कोपऱ्याकडे नजर लावून, प्रोजेक्टर बदलायच्या मुठीवर हात ठेवून उभा असायचा.