इंजिन तापायच्या आत शाळा येते

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा कान ठणकायला लागला आणि घरात स्कूटरचा विषय संपला. धुळ्यातल्या देवपूरहून अवधानजवळची त्यांची शाळा ७-८ किलोमीटर. सकाळची शाळा, त्यामुळे साडेसहाला घर सोडायचं, आणि पांझरेच्या पुलावर त्या वेळी जो वारा लागतो तो मफलर, स्वेटर, हातमोजे कशालाच जुमानत नाही. दादांची मोठी डिझेल गाडी पहाटेच शेताकडे निघते. म्हणजे दुसरी गाडी हवी. स्वस्तातली, जुनी, फक्त शाळेपुरती. "भाऊजी, तुम्ही फिजिक्स शिकवता, तुम्हीच बघा," वहिनी म्हणाल्या.

जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस साधारण तीन गोष्टी विचारतो: ॲव्हरेज किती, किलोमीटर किती झाले, मालक कितवा. आमच्या कामाला या तिन्हींपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच होता. ही गाडी रोज दोनदा थंड सुरू होणार आणि पुरती तापायच्या आत बंद होणार. हे तिला वर्षानुवर्षं सोसेल का?

धुळ्याची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही, कारण त्याने खान्देशचा फक्त उन्हाळा ऐकलेला असतो. पण जानेवारीत इथल्या कृषी महाविद्यालयाच्या नोंदीत किमान तापमान ६-७ अंशांवर येतं, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता सरळ आभाळात सोडून देते, वर उत्तरेचे वारे. अक्कलकुव्याच्या डोंगरात डाब-मोलगीकडे तर काही पहाटे दव गोठतं. दुपारी मात्र पुन्हा २८-३० अंश. तरीही मोटारीच्या दृष्टीने ही थंडी फार नाही. काश्मीरमधल्या गाड्या याहून कितीतरी जास्त सोसतात. इंजिनाला छळतं ते तोकडं अंतर, आणि थंडी ते अंतर आणखी तोकडं करते.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. गार इंजिनात फवारलेल्या पेट्रोलचा काही भागच वाफ होतो, उरलेलं धातूच्या थंड भिंतींना चिकटून बसतं. म्हणून गाडीचा संगणक सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या मारुती ८००मध्ये हेच काम चोकची दांडी ओढून हाताने करावं लागे. एरवी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण राखायचं असतं. थंड इंजिनात ते जाणूनबुजून मोडावं लागतं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तेव्हा झोपलेला असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा मुलामा दिलेली ती मधाच्या पोळ्यासारखी जाळी २५०-३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. थोडक्यात, कुठल्याही प्रवासाचे पहिले दोन-तीन किलोमीटर सगळ्यात महाग आणि सगळ्यात घाणेरडे. वहिनींचा जवळजवळ तिसरा हिस्सा रस्ता त्यातच जातो. यावर उपाय म्हणून गाडी दारात दहा मिनिटं घुरघुरत ठेवणारे शेजारी आमच्याकडेही आहेत. त्याने उलट नुकसान होतं. उभ्या गाडीचं इंजिन फार सावकाश तापतं आणि तेवढा वेळ जास्तीचं पेट्रोल पीत राहतं. सुरू केल्यावर १५-२० सेकंद थांबावं आणि मग जोर न लावता हळूहळू निघावं.

आता पाण्याकडे येतो, कारण मला या सगळ्यात ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. हायड्रोजन जळला की पाणी होतं. हिशोब मांडला तर १ लिटर पेट्रोल जळल्यावर जवळजवळ १ लिटर पाणी तयार होतं! वर्गात हे सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नाही. तापलेल्या गाडीतून ते वाफ होऊन निघून जातं, म्हणून दिसत नाही. पण सायलेन्सरची नळी साधारण ५० अंशांपेक्षा गार असेल तर वाफेचं तिथेच पाणी होतं. सकाळी एखादी गाडी पुढे उभी असली की तिच्या सायलेन्सरच्या टोकाकडे बघा, थेंब टपटपताना दिसतील. वहिनींच्या एका खेपेत अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल जळतं, म्हणजे अर्धा तांब्या पाणी. त्यातलं काही रोज सायलेन्सरमध्येच साचून राहतं आणि पत्रा आतून गंजवतं. लांबच्या प्रवासाच्या गाडीचा सायलेन्सर जास्त टिकतो आणि गावातल्या गावात फिरणारीचा लवकर सडतो, तो यामुळे.

थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली इंजिन ऑइलमध्येही जाते. ऑइल चांगलं तापलं तर ती पुन्हा उडून जाते. पण काट्यावर दिसतं ते पाण्याचं तापमान. ५-६ किलोमीटरवर काटा मधोमध आला तरी ऑइल अजून मागेच असतं, त्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो. तेवढ्यात शाळा येते. पाणी ऑइलमध्येच राहतं, घुसळलं जातं, आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक थर धरतं: मळकट पिवळसर, बोटाला लावलं तर शिळ्या लोण्यासारखं लागणारं.

जुनी गाडी बघताना मी पहिल्यांदा ते झाकण उघडतो. थर सापडला तर लगेच पाठ फिरवायची नसते. तो फक्त झाकणापुरता असेल आणि डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल स्वच्छ तपकिरी असेल तर एवढंच समजायचं की ही गाडी आजवर जवळच्या जवळच फिरली आहे. डिपस्टिकवरही ऑइल दुधाळ झालं असेल आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील, गेलं असण्याची शक्यता मोठी. तिथे सौदा सोडून द्यावा.

डिझेलबद्दल दादांशी माझा बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, डिझेल स्वस्त, इंजिन दणकट. शेतावरच्या गाडीसाठी ते बरोबर आहे. पण डिझेल इंजिन वजनदार असतं आणि उष्णता वाया कमी घालवतं, म्हणून तापतंही उशिरा. शिवाय १ एप्रिल २०२०पासून धुराचे बीएस-६ नियम आले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळून टाकते. त्यासाठी धुराचं तापमान ५५०-६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं आणि १५-२० मिनिटं सलग वेगात चालावं लागतं. ७ किलोमीटरमध्ये ते घडत नाही. अर्धवट सुटलेल्या प्रत्येक प्रयत्नात जादा फवारलेलं थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं, आणि एक दिवस फिल्टर तुंबल्याचा दिवा लागतो. तो बदलायचा खर्च स्वस्तातल्या गाडीचं सगळं गणित बिघडवतो. शाळेपुरती गाडी डिझेलवर घेऊ नये, हे मी दादांना ठासून सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

सीएनजीचंही थोडं तसंच. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडं तापल्यावर गॅसवर जातात. काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात, पण आमच्या बजेटात त्या नव्हत्या. छोट्या अंतरात बचतीचा बराच भाग तिथेच जातो.

मग बॅटरी. जानेवारीत सकाळी गाडी 'कट्-कट्' करून थांबली की लोक थंडीला बोल लावतात. आपल्याकडे खरा दोषी मे महिना. शिसे-आम्लाच्या बॅटरीतल्या पट्ट्या गंजण्याची आणि पाणी उडण्याची क्रिया उष्णतेने वाढते. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. ४४-४५ अंशांत उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल, याची कल्पना करा. बॅटरी उन्हाळ्यात खंगते, पण उबदार हवेत तिच्यातली रासायनिक क्रिया वेगाने चालते म्हणून खंगलेपण झाकलेलं राहतं. थंडीत ती क्रिया मंदावते, ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, आणि झाकलेलं उघडं पडतं. स्टार्टर क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, म्हणजे छोट्या गिझरइतकी वीज. ते देणं अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, काही मिनिटांत फेडतो, पण वर हेडलाइट, ब्लोअर, वायपर चालू, बॅटरी गार असल्याने चार्ज सावकाश घेते, आणि प्रवास १५ मिनिटांचा. अर्धवट भरलेल्या बॅटरीत लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजावी: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर. सुरू करताना ९.६च्या खाली घसरली तर नवी बॅटरी धरूनच भाव करावा.

या सगळ्याचा अर्थ एकच निघतो. गाडी थंड असताना बघायची. आम्ही पाहिलेली पहिली गाडी ८०० सीसीची पेट्रोल होती. छोटं इंजिन, कमी लोखंड, म्हणून लवकर तापणारं; आम्हाला हवं तसंच. पण आम्ही पोचलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर गरम. मालकाने आधीच सुरू करून ठेवली होती. गरम इंजिन सगळ्या खोडी लपवतं. "उद्या सकाळी साडेसहाला येतो, तोवर चावी लावू नका," असं सांगून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी गाडी एका दमात सुरू झाली. मी रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीवर हात ठेवून उभा राहिलो. थर्मोस्टॅट नावाचा एक मेणाचा झडपा असतो. पाणी ८२-८८ अंशांपर्यंत तापेतो तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर उबदार होतं. तो शाबूत असेल तर वरची नळी कितीतरी मिनिटं गार राहते आणि मग एकदम चटका बसतो. इथे नळी पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट होत गेली. गॅरेजवाल्या भाऊंना विचारलं, तर ते लगेच म्हणाले, "उन्हाळामा गाडी तापस, म्हनीन वाल काढी टाका." म्हणजे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून झडपाच काढून टाकलेला. खान्देशात, विदर्भात हे सर्रास होतं. उन्हाळ्यात गाडी तापते ती बहुतेकदा तुंबलेल्या रेडिएटरमुळे किंवा बंद पडलेल्या पंख्यामुळे. झडपा काढून तो आजार बरा होत नाही. आणि हिवाळ्यात त्या गाडीचं इंजिन ७ किलोमीटरच काय, १५ किलोमीटरमध्येही नीट तापत नाही. जास्तीचं पेट्रोल, ऑइलमधलं पाणी, कोमट हीटर, सगळं त्यातूनच. सुदैवाने झडपा स्वस्त असतो. रेडिएटर साफ करून नवा झडपा बसवून द्यायचा, या अटीवर सौदा ठरला.

गाडी २०२३च्या आधीची असल्याने रबरी पेट्रोल नळ्याही बदलून घेतल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने हळूहळू खराब होतं. टायरची हवा मात्र फुकटातली गोष्ट. ऑक्टोबरच्या दुपारी ३६ अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर जानेवारीच्या पहाटे १० अंशांत २९वर येतो, पंक्चर नसताना. आणि एसी धड चालणारा असलाच पाहिजे, हिवाळ्यातसुद्धा. काचेवरचं आतलं धुकं तोच झटपट सुकवतो.

विजेवरच्या गाडीचा विचार मी शेवटपर्यंत सोडला नव्हता. शास्त्र पाहिलं तर या कामाला तीच सर्वात योग्य. तिला तापावं लागत नाही, तिच्यात पाणी साचत नाही, आणि जुनी होऊन बॅटरीची क्षमता पाव भागाने घटली तरी १५ किलोमीटरच्या येण्याजाण्याला काही फरक पडत नाही. ६-७ अंशांत लिथियम बॅटरीची पल्ल्यातली घट थोडीच असते. आम्हाला परवडेल अशी, बॅटरीची अवस्था कागदावर दाखवणारी गाडी धुळ्यात तेव्हा मिळाली नाही, एवढंच कारण. ज्याला मिळेल त्याने ती आधी बघावी.

आता दर रविवारी वहिनी आणि दादा त्या छोट्या गाडीतून सोनगीरपर्यंत जाऊन येतात. जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात, ऑइल पुरतं तापतं, आठवडाभराचं पाणी उडून जातं आणि बॅटरीही भरते. गेल्या रविवारी ते परतल्यावर मी अर्ध्या तासाने झाकण उघडलं. आत फक्त ऑइलची पातळ तपकिरी चमक होती. वहिनींनी वाकून पाहिलं, झाकण माझ्या हातून घेतलं आणि स्वतःच घट्ट बसवलं.