तारे वेगळे करणे (तेजोमेघांची छायाचित्रे)

तेजोमेघाच्या छायाचित्रातले तारे सॉफ्टवेअरने उचलून वेगळ्या थरात ठेवायचे, मेघावर स्वतंत्र काम करायचे आणि शेवटी तारे परत बसवायचे, याला हौशी खगोलछायाचित्रकार ‘स्टारलेस करणे’ म्हणतात. अडचण मुळात स्ट्रेचिंगची, म्हणजे चित्राचे अंधुक भाग ताणून उजळण्याची, आहे. अनेक फ्रेम (एकेक छायाचित्रे) एकत्र करून, म्हणजे स्टॅक करून, केलेले चित्र जवळजवळ काळे दिसते; अंधुक मेघ वर यावा म्हणून ते ताणले की मुळातच तेजस्वी असलेले तारे फुगतात आणि मेघ झाकला जातो.

स्टारनेट, स्टारएक्सटर्मिनेटर ही साधने न्यूरल नेटवर्कवर चालतात. स्टारनेट सिरिल या खगोलछायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमधूनही वापरता येते, पण ते वेगळे उतरवून घ्यावे लागते. चित्र ताणलेले नसेल तर सिरिलमध्ये ‘प्री-स्ट्रेच’वर खूण करावी आणि ताऱ्यांचा थर हवा म्हणून ‘स्टार मास्क’वरही. ताऱ्यामागे काय असेल ते साधन अंदाजाने भरते, त्यामुळे अशा चित्रावर मोजमाप करू नये.

नाशिकहून त्र्यंबक-हरसूलच्या बाजूला गेले की शहराचा उजेड पूर्वेला राहतो, आणि डिसेंबरच्या संध्याकाळी मृग नक्षत्र त्यातूनच उगवते. मध्यरात्रीच्या सुमारास मृगातला तेजोमेघ, एम ४२, दक्षिणेला ६५ अंशांपर्यंत चढतो. चित्रण तेव्हा करावे. तरीही उरलेला ग्रेडियंट (पार्श्वभूमीत एका कडेकडे वाढत जाणारा उजेड) तारे काढण्याआधी घालवावा, नाहीतर उजळ कडेचे बारीक तारे पार्श्वभूमीत मिसळून मागे राहतात.

सगळ्यात जास्त घोळ दंव घालते. थंडीत पहाटे लेन्सवर दंव बसले की ताऱ्यांभोवती प्रभावळ येते. साधन ताऱ्याचा गाभा नेते, प्रभावळ तिथेच सोडते, आणि ताणल्यावर ती छोट्या तेजोमेघासारखी दिसू लागते. अशा फ्रेम स्टॅकिंगआधीच काढून टाकाव्यात. ड्यू हीटर (लेन्स किंचित गरम ठेवणारी पट्टी) दंव दिसल्यावर नव्हे, रात्रीच्या सुरुवातीलाच लावावा. मृगाच्या पोटातल्या बाणाचा पूर्वेकडचा तारा, अल्नितक, स्वच्छ लेन्सवरही असाच डाग ठेवतो. तो हातानेच मऊ करावा लागतो, आणि तेही शेजारच्या फ्लेम तेजोमेघाला धक्का न लावता. एम ४२ चा जळालेला (जास्त प्रकाशाने नुसता पांढरा पडलेला) गाभा तर साधनाला ताराच वाटू शकतो; १२० सेकंदांच्या फ्रेमबरोबर ५-१० सेकंदांच्याही घेतल्या की तो वाचतो.

परत बसवताना नुसती बेरीज करू नये. ० म्हणजे काळा आणि १ म्हणजे पूर्ण पांढरा धरून मूळ पिक्सेल ०.९ आणि तारा काढल्यावर ०.४ असेल, तर वजाबाकीने ताऱ्याच्या थरात ०.५ येतात. मेघ उजळून ०.६ केला की बेरीज १.१, म्हणजे पांढरा ठिपका आणि ताऱ्याचा रंग गेला. त्याऐवजी ‘अनस्क्रीन’ करावे: (०.९ − ०.४) ÷ (१ − ०.४) = ०.८३. मग ‘स्क्रीन’ने जोडल्यास १ − (१ − ०.६) × (१ − ०.८३) = ०.९३ मिळतात आणि रंग टिकतो.

शहरातल्या गच्चीवरून ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) लावून हायड्रोजन-अल्फा (६५६.३ नॅनोमीटर) आणि ऑक्सिजन (५००.७) टिपणाऱ्यांचे तारे बेरंग येतात. त्यांनी फिल्टर काढून ३० सेकंदांच्या वीसेक फ्रेम घ्याव्यात आणि तारे त्यातून वापरावेत. मात्र दोन्ही स्टॅक एकाच संदर्भ-फ्रेमला जुळवलेले हवेत, नाहीतर तारे आपल्या जागेवरून सरकून बसतात आणि काढलेल्या ताऱ्यांचे पुसट डाग शेजारी उघडे पडतात.