हिवाळी भाजीची रोपं नेण्याआधी: ऊन कुठून येतं ते बघा

गणपती गेले की आमच्या रोपवाटिकेत एक प्रश्न हमखास येतो. "गेल्या वर्षी तुमच्याकडूनच टोमॅटोची रोपं नेली. कमरेएवढी वाढली, पण फळ काही धरलं नाही. यंदा कुठलं खत टाकू?" खत विकणं हा आमचा धंदाच आहे, त्यामुळे एक पिशवी हातात ठेवून मोकळं होणं सोपं. पण बहुतेक वेळा दोष खताचा नसतो. कुंड्यांची जागा मे महिन्यात ठरवलेली असते आणि रोप लागतं ऑक्टोबरात.

ठाण्यात मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलै संपत येईपर्यंत किंचित उत्तरेकडून जातो. म्हणून तेव्हा उत्तरेच्या बाल्कनीतही ऊन दिसतं. २३ सप्टेंबरनंतर मात्र तो उगवतो पूर्वेच्या जरा दक्षिणेला आणि मावळतोही पश्चिमेच्या जरा दक्षिणेला. तिथून २१ मार्चच्या आसपासपर्यंत उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. दक्षिणेच्या बाल्कनीचं नेमकं उलट. उन्हाळ्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे तिथे सावली असते, म्हणून लोक ती कपडे वाळत घालायला सोडून देतात. डिसेंबरात तिथेच ऊन दारातून आत येतं. ज्यांची बाल्कनी दक्षिणेला आहे त्यांनी दोरी हलवावी.

गच्चीवाल्यांना दिशेची अडचण नाही, त्यांना समोरचा टॉवर नडतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्याकडे साधारण ४७ अंशांवरच असतो. म्हणजे ३० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ २८ मीटर पडते. मेमध्ये हीच सावली इमारतीच्या पायाशी असते. हे आत्ताच तपासायचं असेल तर एक चौरस कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा. कुंडीजवळ उभं राहून एक सरळ कड जमिनीला समांतर धरा आणि दुमडलेल्या तिरप्या कडेवरून दक्षिणेकडे बघा. इमारतीचा माथा त्या रेषेच्या बराच वर दिसला, तर थंडीत दुपारचं ऊन गेलं समजा. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचं संध्याकाळचं ऊन तर डोंगरच लवकर घेतो, त्याला कुणाचा इलाज नाही.

टोमॅटो, वांगी, मिरची यांना निदान ६ तास थेट ऊन लागतं. ३-४ तास मिळत असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर, मुळ्याचा पाला यांवर समाधान माना. मेथी महिन्याभरात ताटात येते, काय वाईट आहे? (धणे रगडून दोन फाकी करून पेरा, अख्खे नकोत.)

म्हणूनच आम्ही फळभाजीची रोपं देण्याआधी दिशा आणि तास विचारतो. काहींना त्याचा राग येतो. "पैसे देतोय ना, चौकशी कशाला?" असंही ऐकलंय. पण तीच मंडळी जानेवारीत नुसत्या पाल्याचे फोटो पाठवतात, आणि ऐन गर्दीत आमचा माणूस बदलापूरपासून वाशीपर्यंत रोपं बघत फिरतो. त्यात आमचेही दिवस जातात आणि तुमचाही हंगाम. घरी येऊन जागा बघण्याचे पैसे घेतो ते याच कारणाने. माल घेतलात तर ते बिलातून वजा होतात.

दुसरी गोष्ट वेळेची. टोमॅटोचं रोप ट्रेमध्ये तयार व्हायला २५ ते ३० दिवस लागतात. दसऱ्याच्या सकाळी येऊन "चाळीस रोपं द्या" म्हटलंत तर उरलेलीच मिळतील. सप्टेंबरच्या मध्याला सांगून ठेवा, पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या मध्यापासून रोपं हातात. उशीर केलात तर फुलं उन्हाळ्याच्या तोंडावर येतात आणि उकाड्याने गळतात. त्यावर फवारा मागू नका, आमच्याकडे नाही.

मातीबद्दल थोडक्यात. चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतलं खत धुऊन गेलेलं असतं, माती बसलेली असते आणि तळाची भोकं मुळांनी बुजलेली असतात. कुंडी पूर्ण रिकामी करा, माती दोन-तीन दिवस उन्हात पसरा, तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि १२ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड मिसळा. ओलं शेण घालू नका. नुसती लाल माती आणून भरू नका, ती विटेसारखी घट्ट होते आणि गच्चीवर वजनही वाढवते. ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी कोकोपीट घातलेलं तयार मिश्रण आहे. ते बाजारापेक्षा थोडं महाग आहे, कारण त्यातलं शेणखत आम्ही चाळून घालतो.

नोंदणीसाठी येताना एका उघडिपीच्या दिवशी जागेचे सकाळी ८, १०, दुपारी १२, २ आणि ४ वाजता काढलेले पाच फोटो आणा, आणि मोबाइलमधल्या होकायंत्रावर बाल्कनीची दिशा बघून ठेवा. सोमवारी रोपवाटिका बंद असते.