मोहरम हा ‘सण’ नव्हे

राजवाड्यापाशी मोहरमच्या मिरवणुकीतला सरकारी ताजिया आला की इंदूरच्या मराठी ग्रुपांवरही ‘मोहरमच्या शुभेच्छा’ फिरू लागतात. मुळात मोहरम हे हिजरी, म्हणजे इस्लामी, वर्षाच्या पहिल्या महिन्याचं नाव. त्याच्या १० तारखेला, आशुराच्या दिवशी, हिजरी ६१ मध्ये म्हणजे इ.स. ६८० साली, इराकातल्या करबला इथे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन मारले गेले. शिया तेव्हापासून शोक पाळतात. शुभेच्छा कसल्या देताय?

जगातले बहुसंख्य मुसलमान सुन्नी. त्यांच्यातही आशुराचा रोजा आहे, पण तो हजरत मुसांच्या (बायबलमधल्या मोझेसच्या) सुटकेची आठवण म्हणून, बहुधा ९ आणि १० असा जोडून.

ताजिया म्हणजे हुसेन यांच्या मकबऱ्याची प्रतिकृती: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर रंगीत कागद आणि पन्नी. ही चाल भारतीय उपखंडातली. अरबस्तानात ती नाही. आपल्याकडे होळकरांनी तिला राजाश्रय दिला, हिंदूही ताजियाला नवस बोलतात. अनेक सुन्नी मौलवींना मात्र ताजियाच मान्य नाही, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

तारीख सरकते, कारण हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं आणि त्यात अधिक मास नाही. दरवर्षी मोहरम १०-११ दिवस अलीकडे येतो. महिना चंद्र दिसल्यावरच सुरू होतो, म्हणून छापील कॅलेंडरातली सुट्टी कधीकधी एक दिवस चुकते.